प्रकाश फळ्यावर नको, भिंतीवर दाखवा

बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रकाश एका प्रकरणात तरंग असतो आणि पुढच्या एका प्रकरणात त्याचे फोटॉन होतात. असं का, हे बहुतेक मुलांना कोणी सांगतच नाही. सीईटीच्या धास्तीने ती ‘प्रकाशाचं स्वरूप दुहेरी आहे’ एवढं पाठ करतात आणि पुढे सरकतात. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, हे वाक्य सगळ्यात शेवटी सांगा. आधी प्रयोग दाखवा.

खर्च फार नाही. लाल लेसर पॉइंटरच्या तोंडावर डोक्याचा एक केस उभा ताणून चिकटवा, खोलीत अंधार करा आणि तीनेक मीटरवरच्या भिंतीवर झोत टाका. (झोत कोणाच्याही डोळ्यांत जाता कामा नये, ही ताकीद आधी द्या.) भिंतीवर केसाची नुसती सावली पडत नाही, तर आडव्या ओळीत उजेड-अंधाराचे तुकडे उमटतात. लेसरवर छापलेल्या तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणून एकाच बाजूच्या लागोपाठच्या दोन अंधाऱ्या तुकड्यांमधल्या अंतराने भागलं, की केसाची जाडी मिळते. हा हिशेब मुलांनाच करू द्या. मग विचारा, प्रकाश म्हणजे बारीक गोळ्या असत्या तर हे कसं झालं असतं? उत्तराची घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी अंधारात चमकणारा चांदणीचा स्टिकर आणा. तो बराच वेळ अंधारात ठेवून त्यावर तोच लाल लेसर धरा. स्टिकर उजळत नाही. जांभळ्या एलईडीचा मंद उजेडही मात्र त्याला क्षणात उजळवतो. हा फोटोइलेक्ट्रिक परिणाम नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगा. पण प्रश्न त्याच जातीचा आहे. प्रखर लाल प्रकाशाला जे जमत नाही, ते मंद जांभळ्याला कसं जमतं? १९०५ मध्ये आइनस्टाइननी मांडलेली कल्पना इथे सांगा: प्रकाशाची ऊर्जा पुड्यांनी येते आणि पुडीचा आकार वारंवारतेवर ठरतो.

फोटॉन म्हणजे न्यूटनचेच कण परत आले, असं मात्र शिकवू नका. न्यूटनच्या कणांना पाण्यात हवेपेक्षा जास्त वेग लागत होता. फूकोने १८५० मध्ये तो कमी असल्याचं दाखवलं आणि ते प्रारूप तिथेच संपलं. १९०९ मध्ये जी. आय. टेलर यांनी सुईच्या सावलीचे फोटो अतिशय क्षीण उजेडात घेतले, सर्वांत मोठं एक्स्पोजर सुमारे तीन महिन्यांचं. सावलीभोवतीचे पट्टे तितकेच स्पष्ट आले. वळवळत जाणाऱ्या गोळीचं चित्र फळ्यावर काढलं, तर या निकालाचं उत्तर देता येत नाही.

पालकांनो, मुलगी म्हणाली, ‘मला हे कळलं नाही’, तर ‘पाठ कर’ म्हणू नका. पन्नास वर्षं विचार करूनही प्रकाशकण म्हणजे काय याचं उत्तर सापडलं नाही, असं १९५१ मध्ये खुद्द आइनस्टाइननी मित्राला लिहिलं होतं. आणि शिक्षकांनो, सराव परीक्षांच्या गर्दीतून या प्रयोगांसाठी दोन तासिका काढाच.