राग काढून घेतलेली माणसं

परवा बैठक उठल्यावर खोलीवर लॅपटॉप उघडला आणि 'ॲपलसीड' लावला, तर पोरं फिदीफिदी हसली. "लेका, चळवळ करतोस आणि कार्टून बघतोस?" एक शहाणा म्हणाला, हे सगळं पोट भरलेल्यांचे चाळे. बंदुका, यंत्रं आणि उड्या मारणारी बाई. मी म्हटलं, गप बस, बघ. तासाभरानं तोच उठून बसला होता आणि बिडी विझलेली त्याला कळलं नव्हतं.

दोस्तहो, कार्टून म्हणजे पोराटोरांचं, ही समजूत आधी उकिरड्यावर टाका. जपानात मोठ्यांसाठी असले सिनेमे निघतात. त्यात रक्त असतं, सत्ता असते, कंपन्या आणि लष्कर असतं. 'ॲपलसीड' २००४ सालचा, दिग्दर्शक शिंजी आरामाकी. मासामुने शिरो या चित्रकारानं १९८५ पासून काढलेल्या चित्रकथेवर बेतलेला. अख्खा संगणकावर घडवलाय, पण दिसतो हातानं रंगवल्यासारखा. खऱ्या माणसांच्या अंगाला खुणा चिकटवायच्या, त्यांच्या उड्या, धावणं, पडणं संगणकात ओढून घ्यायचं, मग माणूस पुसायचा आणि वर चित्र चढवायचं. नायिकेची हालचाल एकीची, आवाज दुसरीचा. जिनं घाम गाळला तिचं तोंड पडद्यावर नाहीच. आपल्या आया बिगारी काम करून टॉवर उभे करतात आणि उद्घाटनाच्या फोटोत नसतात, तसं. असो, मुद्दा तो नाही.

मुद्दा गोष्टीचा. महायुद्धात जग खाक झालंय. त्यात ऑलिम्पस नावाचं एक शहर. काचेचे मनोरे, हिरवळ, धुतल्यासारखे रस्ते. शहराची निम्मी वस्ती बायोरॉइडांची. म्हणजे प्रयोगशाळेत जन्माला घातलेली माणसं. हाडामांसाचीच. फक्त त्यांच्यातून काही गोष्टी काढून घेतल्यात. जीव ओवाळून टाकावा असं प्रेम त्यांना करता येत नाही. डोकं फिरेल असा राग येत नाही. पोरं होत नाहीत. आयुष्य वाढवून घ्यायला त्यांना यंत्रात जाऊन पडावं लागतं. का? तर माणसं आपसात भांडतात, म्हणून त्यांच्यामध्ये न भांडणारे घालायचे. शहर शांत राहायला पाहिजे ना!

जन्माच्या आधीच कामाचा शिक्का. मनूला नुसती पोथी मिळाली होती, प्रयोगशाळा मिळाली असती तर त्यानं दुसरं काय बनवलं असतं?

आता 'रोबो' हा शब्द घ्या. चेक नाटककार कारेल चापेकनं १९२० साली लिहिलेल्या नाटकातून तो जगात पसरला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या रानात फुकट राबणं. आमच्या आज्या-पणज्यांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसता. गावाची सांगावा-दवंडी, मेलेली ढोरं, सरकारी बोजे, सगळं वतनाच्या नावाखाली. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं गेली १९५८ साली. म्हणजे विज्ञानकथा म्हणून जे दाखवतात ते आमच्याकडं आज्याच्या तोंडून ऐकलेलं असतं. आणि यंत्रमानवाचं कौतुक ऐकताना हेही ध्यानात ठेवा, की हातानं मैला काढण्यावर बंदीचा कायदा २०१३ साली आला, गटार साफ करणारं यंत्र २०१८ साली केरळात उतरलं, आणि त्यानंतरही गटारात गुदमरून मेलाय तो माणूसच.

पण चापेकचे रोबो शेवटी उठाव करतात. ऑलिम्पसचे बायोरॉइड करत नाहीत. माझं भांडण इथं सुरू होतं.

शहराची पंतप्रधान अथेना. तीही बायोरॉइड. वा! खुर्ची दिली! पण तिच्या लोकांचा श्वास कुणाच्या हातात? गाया नावाचा संगणक आणि त्याच्याशी जोडलेले सात म्हातारे यांच्या. (सप्तर्षी म्हणा हवं तर.) खुर्ची आपली आणि नाडी दुसऱ्याच्या हातात, हा प्रकार राखीव जागेवर निवडून येऊन पक्षाच्या पायाशी बसणाऱ्यांना विचारा, ते बरोबर सांगतील. आणि लष्करातली 'अस्सल' माणसं बायोरॉइडांवर दात खाऊन असतात. यांनी आमचं शहर बळकावलं म्हणे. ही भाषा ऐकलीय कुठं? कॉलेजच्या कट्ट्यावर, ॲडमिशनच्या यादीसमोर?

मग हल्ला होतो. आयुष्य वाढवणारी यंत्रणाच उडवली जाते. आख्खी जमात मरणाच्या रांगेत उभी. एक माणूस दगड उचलत नाही. हितोमी नावाची गोड पोरगी आहे, ती तेवढीच गोड राहते. लढते कोण? ड्यूनन, माणसाच्या पोटची. बायोरॉइडांना वंश वाढवायची ताकद परत देणारी माहिती, तीच 'ॲपलसीड', ती वाचवते. सात म्हातारे मानवजातच वांझ करायला निघालेत, त्यांनाही तीच अडवते. आणि आपण बघणारे हळहळतो. किती निष्पाप हे बायोरॉइड! किती सोसतात!

ही हळहळ आपल्याला माहीत आहे. सोसणाऱ्यावर जीव लावायचा आणि तो खवळला की तोंड फिरवायचं, हेच 'हरिजन' शब्दात होतं. सिनेमावाल्यांना वाटतं राग काढला की माणूस स्वच्छ झाला. मला वाटतं राग काढला तिथंच खरा गुन्हा घडला. पोरं होणं परत देताय, ठीक. राग कधी परत देणार? सिनेमा हे विचारतच नाही.

पांढरपेशे समीक्षक अशा सिनेमांवर लिहिताना 'माणूस म्हणजे काय' या प्रश्नाची खोली मोजत बसतात. जपानात या प्रश्नाचं उत्तर सरकारदरबारी लिहिलेलं होतं. तिथं 'हिनिन' नावाची एक जमात होती. दोन अक्षरांचा शब्द. एकाचा अर्थ 'नव्हे', दुसऱ्याचा 'माणूस'. दुसरी जमात 'एता'. अक्षरं वाचली तर 'घाणीनं भरलेले'. कातडी कमावणं, मेलेली जनावरं, फाशीच्या जागेवरची कामं. १८७१ साली ही नावं फर्मानानं रद्द झाली. वस्त्या राहिल्या. १९२२ साली याच लोकांनी क्योटोत सुइहेइशा ही संघटना काढली, महाडच्या पाच वर्षं आधी. 'एता' ही शिवीच त्यांनी छातीवर मिरवली, आपण 'दलित' मिरवला तशी. अपमान करणाऱ्याच्या दारात जाऊन जाब विचारायचा, हा त्यांचा मार्ग. आणि १९७५ साली उघडकीला आलं, की या वस्त्यांचे पत्ते छापलेल्या याद्या कंपन्या गुपचूप विकत घेतात, नोकरीला आलेल्या पोराचं मूळ तपासायला.

म्हणून म्हणतो, ज्या देशात 'नव्हे-माणूस' अशी माणसं होती आणि ती रागानं उठली, त्या देशातला सिनेमा नव्हे-माणसं बनवतो आणि त्यांचा राग आधीच काढून ठेवतो. हे मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. मुद्दाम न करता होतं, ते जास्त वाईट.

सगळेच तसे नाहीत. १९९५ सालच्या 'घोस्ट इन द शेल'मध्ये संगणकातून उपजलेला एक जीव कुणाच्या दयेची वाट बघत नाही. मी जिवंत आहे, मला राजकीय आश्रय द्या, अशी थेट मागणी करतो. बाजूचे अधिकारी चक्रावतात. तो सिनेमा बहुतेक हातानं काढलेला, संगणक थोडाच. २००८ साली काही भाग संगणकावर नव्यानं करून परत काढला. माझ्या मते जुनाच बघा.

आणि 'वेक्सिल', २००७ सालचा, 'ॲपलसीड'चा निर्माता फुमिहिको सोरी याचा. जपाननं दहा वर्षं दारं बंद केलीत. आत एका कंपनीनं लस म्हणून काहीतरी टोचलंय आणि माणसं हळूहळू धातूची होतायत. उरलेली एका भिंतीआडच्या झोपडपट्टीत राहतात. तिथं बाजार भरतो, आरडाओरडा असतो, पोरं खेळतात. मारिया नावाची बाई त्यांची पुढारी. तीही आतून धातूची होत चाललीय, पण ती खवळते, आणि लढाई तिच्या लोकांची असते.

शनिवारी बैठकीनंतर तोच लावतोय. त्या शहाण्यानं पुढली जागा आत्ताच धरून ठेवलीय.