संयुक्त तालिका : यंत्राचे काम की समीक्षेचे?

ग्रंथतालिका हे कारकुनी काम मानून ते ग्रंथपालाच्या टेबलावर सरकवून देण्याची मराठी समीक्षेची सवय जुनी आहे. संगणक आल्यावर ती मोडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती अधिकच दृढ झाली. अनेक ग्रंथालयांच्या संग्रहांची एकत्रित नोंद पडद्यावर उमटली की शोध पुरा झाला, असा समज विद्यापीठीय मराठी विभागांत रूढ होऊ पाहत आहे. तो तपासणे अगत्याचे आहे. कारण साहित्येतिहासातील ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘अनुपलब्ध’ ही विशेषणे अखेर तालिकेच्याच आधारावर उभी असतात. जो ग्रंथ तालिकेत सापडत नाही, तो समीक्षेच्या लेखी लिहिलाच गेलेला नसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली इन्फ्लिबनेटचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९९६ साली त्याला स्वायत्त केंद्राचे रूप दिले. त्यातून उभी राहिलेली ‘इंडकॅट’ ही विद्यापीठीय ग्रंथालयांची संयुक्त तालिका. तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. मात्र नोंदी एकत्र करणे आणि नोंदींत एकवाक्यता आणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली यंत्र करू शकते. दुसरीसाठी त्या भाषेच्या वाङ्मयाचे ज्ञान लागते.

राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम हे तीन लेखक नव्हेत, हे मराठीच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. यंत्राला मात्र कोणीतरी सांगावेच लागते. हरि नारायण आपटे यांची ‘करमणूक’मधून क्रमशः आलेली कादंबरी एका नोंदीत ‘पण लक्षांत कोण घेतो’ आणि दुसरीत ‘पण लक्षात कोण घेतो’ अशी असेल, तर अक्षरशः जुळणी करणारे यंत्र एका कृतीच्या दोन कृती करून मोकळे होते. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला. जुन्या मुखपृष्ठांवरचा अर्थातच गेला नाही. त्यात एका ग्रंथालयाने शीर्षक रोमन लिपीत व दुसऱ्याने देवनागरीत नोंदवले की विभाजन पूर्ण होते. उलट दिशेची चूक अधिक घातक आहे. दोन भिन्न आवृत्त्या एकाच नोंदीखाली मिसळल्या की लेखकाने केलेले फेरफार नाहीसे होतात आणि पाठचिकित्सेचा पायाच खचतो.

यावर असे म्हटले जाते की, ग्रंथांच्या छायाप्रती आता घरबसल्या मिळतात. मग तालिकेचा एवढा आग्रह कशासाठी? हा युक्तिवाद फसवा आहे. छायाप्रत एका प्रतीची असते. इतर प्रती कोठे आहेत, कोणत्या आवृत्तीच्या आहेत, हे ती सांगत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडाची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली सिद्ध केली. १९३८ ते १९५० या काळाचा पुढील खंड १९६१ साली आला. संगणकाविना झालेले हे काम आजही संशोधकाला टाळता येत नाही, कारण त्यामागे निर्णय घेणारी दृष्टी आहे.

वारणानगरच्या परिसराने या प्रश्नाचे एक रूप वेगळ्या क्षेत्रात पाहिले आहे. १९९८ साली येथील सहकारी संस्थांच्या आधारे ७० गावांसाठी संगणकजाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात ऊसनोंदणीचा व्यवहार मोठा होता. गाळपात सर्वांचा ऊस एक होतो; नोंदीत मात्र सभासद आणि त्याचे क्षेत्र वेगळे राहावे लागते, अन्यथा सहकाराचा हिशेबच कोसळेल. संयुक्त तालिकेचे तत्त्व हेच आहे. ती सर्वांची असली, तरी प्रत्येक प्रतीची ओळख तिने राखली पाहिजे. उसाच्या बाबतीत जी काटेकोर नोंद स्वाभाविक वाटते, ती ग्रंथांच्या बाबतीत चैन का वाटावी?

शिवाय विद्यापीठे जोडली म्हणजे मराठी ग्रंथसंपदा जोडली गेली, असे होत नाही. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. मराठी ग्रंथव्यवहाराची स्मृती मुख्यतः अशा सार्वजनिक संस्थांनी सांभाळली. केवळ विद्यापीठांच्या तालिकेवर विसंबून केलेले विधान त्यामुळे अर्ध्या पुराव्यावरचे विधान ठरते.

उपाय तांत्रिक नाही. प्रत्येक मराठी विभागाने आपल्या परिसरातील एका जुन्या ग्रंथालयाच्या नोंदी तपासण्याचे, टोपणनावे व आवृत्त्या निश्चित करण्याचे काम संशोधन म्हणून स्वीकारले पाहिजे आणि पदवीसाठी त्याला प्रबंधाइतकीच मान्यता दिली पाहिजे. आठव्या-दहाव्या ग्रंथातून उसने घेतलेल्या अवतरणांवर उभारलेल्या प्रबंधापेक्षा पाचशे निर्दोष नोंदी साहित्याभ्यासाला अधिक उपकारक ठरतील. हे श्रम ज्यांना कमीपणाचे वाटतात, त्यांनी ‘अनुपलब्ध’ हा शब्द वापरण्याचा अधिकारही सोडून द्यावा.