अंदमानचे देखावे आणि आमचे डोळे

दिवाळीनंतर किंवा नाताळच्या सुटींत सहकुटुंब अंदमानास जाऊन येणें ही आमच्या नागपुरांत आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. समुद्रापासून शेंकडों मैल दूर, देशाच्या जवळजवळ मध्यावर राहणाऱ्या माणसांस बेटाची ओढ वाटावी हें स्वाभाविक आहे. आणि जो रजा जमवून, पैसा खर्चून तेथें जातो, त्यानें चार छायाचित्रें काढून आणावीं यांतहि हरकत घेण्यासारखें कांहीं नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. हीं छायाचित्रें काढण्यापूर्वींच काढलेलीं असतात. राधानगरच्या किनाऱ्यावरील सूर्यास्त, रॉस बेटावरील मुळांनीं वेढलेली भिंत, शहीद द्वीपावरील दगडी कमान, सेल्युलर जेलची लांबच लांब ओसरी! या घरचीं आणि त्या घरचीं चित्रें एकमेकांत मिसळलीं, तर कोणतीं कोणाचीं हें ओळखण्यास त्यांत उभ्या असलेल्या माणसांचाच आधार घ्यावा लागेल. 'फोटोसाठीं उत्तम जागा कोणत्या?' हा प्रश्न निघण्यापूर्वीं विचारला जातो, त्याचें उत्तर तयार याद्यांतून मिळतें, आणि मग त्या यादीवर खुणा करीत हिंडणें यालाच लोक निसर्गदर्शन म्हणतात. जागा शोधणें हें छायाचित्रकाराचें निम्मेंअधिक काम होय. तेंच या मंडळींनीं दुसऱ्यावर सोंपवून दिलें आहे.

या परावलंबनाची परमावधि पाहावयाची असेल, तर वीस रुपयांची जुनी नोट हातीं घ्यावी. २००१ सालीं निघालेल्या त्या तांबूस नोटेच्या पाठीवर माडांच्या चौकटींतून दिसणारी खाडी, पलीकडची टेकडी आणि एक दीपगृह आहे. हा पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे २०२४ पासून ज्यास श्रीविजयपुरम् हें नांव मिळालें त्या शहराच्या, बाजूनें दिसणारा देखावा. वाटाडे ती नोट पुढें करतात, प्रवासी ती समुद्रासमोर धरतो, आणि नोट व समुद्र यांचा मेळ बसला कीं कृतार्थ होऊन कळ दाबतो. नोटेवरील चित्र खऱ्यासारखें आहे कीं नाहीं, हें पाहण्याऐवजीं खरा समुद्र नोटेबरहुकूम आहे कीं नाहीं, याची ही तपासणी! (२०१९ पासून वीसाच्या नव्या नोटेवर वेरूळचें लेणें आलें आहे, तेव्हां हा व्याप आतां आमच्या घराच्या बराच जवळ येण्याचा संभव आहे.)

ती टेकडी कोणती, हें विचारण्याचें मात्र कोणाच्या मनांत येत नाहीं. २०२१ पासून तिला माउंट मणिपूर म्हणतात. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या राजपुरुषांस तेथें बंदींत ठेवलें होतें, त्याचें हें स्मरण. तत्पूर्वीं दीर्घकाळ ती माउंट हॅरिएट म्हणून ओळखली जाई. ही हॅरिएट म्हणजे १८६२ ते १८६४ या काळांत या वसाहतीचा अधीक्षक असलेल्या रॉबर्ट टायटलर याची पत्नी. आणि ती स्वतः छायाचित्रकार होती. या दांपत्यानें १८५८ मध्यें दिल्ली, लखनौ, कानपूर येथील उठावाच्या जागांचीं चित्रें टिपून ठेवलीं. सत्तावनच्या पडक्या भिंतींचे देखावे घेणाऱ्या स्त्रीचें नांव, सत्तावनचे बंदी ज्या बेटावर आणून टाकले तेथल्या टेकडीस मिळावें, हा योगायोग तरी थोडा वेळ थांबण्यास लावील अशी अपेक्षा होती. पुढें ८ फेब्रुवारी १८७२ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हा मुद्दाम सूर्यास्त पाहण्यासाठीं याच टेकडीवर चढला. सूर्यास्त पाहून तो उतरला, आणि पायथ्याशीं होपटाऊनच्या धक्क्यावर, अंधार पडला असतां, शेर अली नांवाच्या पठाण बंद्यानें त्याच्या पाठींत सुरा खुपसला. मार्च महिन्यांत शेर अलीला व्हायपर बेटावर फांशीं दिलें. सूर्यास्ताची जागा शोधीत आलेल्या अंदमानच्या बड्या प्रवाशांपैकीं हा एक; त्याच्या डोळ्यांपुढें रंग होते आणि धक्क्यावरील अंधारांत बसलेला माणूस त्याच्या गणतींतच नव्हता.

यावर एक उत्तर ठरलेलें आहे: सौंदर्य तें सौंदर्य, त्यावर इतिहासाचें ओझें कशाला? समुद्राला काय ठाऊक कोण कैदी आणि कोण साहेब? हें उत्तर आम्हांस वरवरचें वाटतें, आणि त्याचें कारण भावनेंत नसून खुद्द देखाव्यांतच आहे. पोर्ट ब्लेअरपासून थोड्या अंतरावर सिप्पीघाट म्हणून एक भाग आहे. तेथें उथळ पाण्यांत वठलेलीं झाडें उभीं आहेत, संध्याकाळीं त्यांचीं प्रतिबिंबें पडतात, बगळे उतरतात. छायाचित्रकारांस ही जागा फार आवडते व ती आवडावी अशीच आहे. परंतु तें पाणी तेथें अनादि काळापासून नाहीं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपांत दक्षिण अंदमानची जमीन सुमारें एक मीटर खचली. समुद्र आंत शिरला तो परत फिरला नाहीं. ज्यास आपण सरोवर समजतों, तीं कोणाचीं तरी शेतें होतीं. त्याच वेळीं उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला आणि तेथील पोंवळ्यांचे थर उघडे पडून मेले. हें ज्यास ठाऊक आहे तो त्या झाडांचें चित्र काढणार नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तो निराळें चित्र काढील. तो बांधाची बुडालेली रेषा शोधील, पाण्याच्या कडेला नव्यानें आलेलें खारफुटीचें रोप शोधील. ज्यास ठाऊक नाहीं तो बगळ्याची वाट पाहत बसेल.

रॉस बेटाचेंहि तेंच. १८५८ पासून बंद्यांच्या श्रमांनीं तें उभें राहिलें. चर्च, नाचघर, अधिकाऱ्यांचे बंगले. १९४१ च्या भूकंपानें त्यास तडे गेले, १९४२ मध्यें जपानी आले, आणि पुढें वडाच्या जातीच्या झाडांनीं भिंतींचा ताबा घेतला. या भिंतींपुढें उभ्या राहिलेल्या हंसतमुख दांपत्यांचा आम्ही हेवा करतों, याहून अधिक कांहीं नाहीं.

सेल्युलर जेलविषयीं मात्र मराठी माणसानें तरी अधिक जागें असावें. सावरकर १९११ मध्यें तेथें गेले आणि दहा वर्षें त्या भिंतींआड राहिले. त्यांचें 'माझी जन्मठेप' ज्यांच्या घरांत आहे असे वाचक आमच्यांत पुष्कळ आहेत. त्या इमारतीच्या सात फांद्या अशा बेतानें बांधल्या होत्या कीं एका फांदीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ यावी, कोणा बंद्यास कोणाचें तोंड दिसूं नये. उजेडापुरता एक झरोका, तोहि डोक्याच्या कितीतरी वर. आज आम्ही कोठडीपाशीं हात जोडतों आणि लगेच जिना चढून गच्चीवर जातों, कारण तेथून रॉस बेट फार सुरेख दिसतें. गच्चीवर जाऊं नये असें नाहीं. परंतु झरोक्यांतून येणारा उजेड दिवसाच्या कोणत्या प्रहरीं भिंतीवर कोठवर उतरतो, हें चित्र घेणारा एकहि प्रवासी आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि दृष्टि हिरावलेल्या जागेंत तेवढाच काय तो देखावा होता.

या बाबतींत आम्हां नागपुरकरांस परक्याकडे धडे घेण्याचें कारण नव्हतें. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनीं ज्यास रामगिरि मानलें तें रामटेक आमच्या दाराशीं आहे. 'मेघदूता'तील यक्ष सहलीस आलेला नव्हता. तो एका वर्षाची शिक्षा भोगणारा हद्दपार होता. नद्या, शेतें, डोंगर, नगरें यांची जी ओळख तो मेघास करून देतो ती घर अंतरलेल्या माणसाची आहे, म्हणूनच तींत कोणत्या जागीं किती थांबावें, कोणती नदी कोणत्या अवस्थेंत असेल, याचा बारकावा आहे.

आतां कोणी विचारील, यादी टाकून दिली तर जागा सांपडावी कशी? घड्याळापासून आरंभ करावा. अंदमान आमच्या फार पूर्वेस आहे आणि घड्याळ मात्र दोहोंकडे एकच. त्यामुळें तेथील मध्यान्ह नागपूरच्या सुमारें ५४ मिनिटें आधीं होतो. डिसेंबरांत सूर्य पांचच्या सुमारास बुडतो. नागपूरच्या हिशेबानें चहा घेऊन निघालेलें कुटुंब किनाऱ्यावर पोंचतें तों रंग उतरून गेलेले असतात, कारण त्या अक्षांशावर संधिप्रकाश रेंगाळत नाहीं. उलट पहाटे साडेपांचास उजाडतें आणि तेव्हां किनारे ओस असतात. राधानगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्याच बेटावरील कालापत्थर पूर्वेकडे. तरी ज्यांनीं कालापत्थरला भर दुपारीं जाऊन 'विशेष कांहीं नाहीं' असा निकाल दिला असे लोक आम्हांस ठाऊक आहेत.

घड्याळाहून महत्त्वाची भरतीओहोटी. शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरजवळची ती दगडी कमान ओहोटीलाच गांठतां येते. ओहोटी रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते, अमावास्यापौर्णिमेस पाणी अधिक दूर जातें. म्हणजे आज जी वेळ उत्तम ती चार दिवसांनीं निरुपयोगी. प्रकाश आणि ओहोटी यांचा मेळ ज्या दिवशीं बसेल तो दिवस कोणत्याहि यादींत सांपडणार नाहीं. आणि पाणी ओसरल्यावर त्या कमानीकडे पाठ करून खालीं पाहावें. खडकांच्या खळग्यांत राहिलेलें पाणी, त्यांतील जीव, वाळूवर खेंकड्यांनीं मांडलेल्या गोळ्यांच्या नक्ष्या. पायांनीं तुडवूं नयेत एवढेंच पथ्य.

जेथें शोध घेऊंच नये अशीहि एक जागा आहे, आणि येथें आम्ही मुळींच सौम्य बोलणार नाहीं. बाराटांगच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवांच्या रानांतून जातो. त्यांचें छायाचित्र घेणें हा गुन्हा आहे. तरी मोटारींच्या कांचांआडून 'एकतरी दिसावा' म्हणून माना लांब करणारे सुशिक्षित लोक आहेत. २०१२ मध्यें जारवा स्त्रियांस अन्नाच्या आमिषानें नाचावयास लावल्याची चित्रफीत जगभर गेली तेव्हां देशाची मान खालीं गेली. १८९० च्या दशकांत पोर्टमन नांवाच्या अधिकाऱ्यानें अंदमानी स्त्रीपुरुषांस चौकटींच्या पडद्यापुढें उभें करून, मापें घेऊन, ब्रिटिश म्युझियमसाठीं छायाचित्रें काढलीं. त्याला आपण परकी सत्तेचा उन्मत्तपणा म्हणतों. मग आपल्या स्वतःच्या हातांतील यंत्राला काय म्हणावयाचें? माणूस हा देखावा नव्हे, हें कबूल करण्यास कायद्याची तरी गरज कां पडावी?

सहा दिवसांची सुटी, बरोबर म्हातारीं माणसें आणि मुलें, अशा स्थितींत हा सगळा व्याप कोण करणार, हा आक्षेप मात्र आम्ही मानतों. त्याचें उत्तर अधिक धांवपळ हें नव्हे. पांच बेटें आणि वीस जागा यांऐवजीं एकच बेट घ्यावें, एकाच किनाऱ्यावर तीन दिवस पहाटे, दुपारीं आणि सायंकाळीं जावें. म्हातारीं माणसें सावलींत बसतील आणि मुलें आपण होऊन जागा शोधून देतील. फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या काठावर एकच झाड ज्यानें उन्हाळ्यांत आणि आषाढांत पाहिलें आहे, त्यास हें निराळें शिकवावें लागत नाहीं. पोर्ट ब्लेअरच्या भरतीओहोटीचें कोष्टक भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षीं प्रसिद्ध करतो. सहली नेणाऱ्या मंडळींनीं आपल्या कार्यक्रमपत्रिकेबरोबर त्या आठवड्याचें तेवढें एक पान छापून द्यावें आणि कार्यक्रमांतील एक सबंध दिवस कोरा ठेवावा. त्या दिवसाचे पैसे देण्यास आमचे वाचक कुरकुर करणार नाहींत.