गळक्या पाइपाला उपगूहन लागू नाही



मागच्या रविवारी स्वाध्याय संपल्यावर एका भगिनीनं मला जिन्यातच गाठलं. "साधर्मी माणसाला नळाच्या थेंबावरून अडवलंत म्हणे? आपल्याला उपगूहन अंग सांगितलंय ना?" मागे आणखी दोघी-तिघी उभ्या होत्या, त्यांच्याही तोंडावर तोच प्रश्न. चप्पल घालता घालता काय उत्तर देणार? म्हणून इथं लिहितेय, आणि जरा स्पष्टच लिहितेय. राग आला तर येऊ दे.

झालं असं. मुलगा आणि सून भांडुप पश्चिमेला जुना फ्लॅट घेत होते. इमारत तीस वर्षांची, चौथा मजला, मंदिर चालत दहा मिनिटं. विकणारे गृहस्थ आपल्याच समाजातले, आमच्या ओळखीचे. किंमत सव्वा कोट. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा सगळ्यांनी काय बघितलं, तर स्वयंपाकघराची दिशा, देव्हाऱ्याची जागा आणि खिडकीतून दिसणारा डोंगर. घरात ताज्या रंगाचा वास होता. आमचे हे म्हणाले, "बघ, किती स्वच्छ ठेवलंय." मला तो वासच खटकला. तीस वर्षांच्या घरात बेडरूमला जुना रंग आणि फक्त बाथरूमलगतच्या दोन भिंतींना नवा, हे कशासाठी?

चहा झाला, शकुनाचा नारळ दिला, निघालो. पूर्ण घर बघण्यात कुणी एक नळ उघडला नाही. सव्वा कोटाची वस्तू! आपण भेंडी घेताना टोक मोडून बघतो.

चार दिवसांनी सुनेला घेऊन मी परत गेले, मुद्दाम सकाळी, सोसायटीचं पाणी सुटायच्या वेळेला. बरोबर टॉर्च, एक लिटरचं भांडं, दहा रुपयांचं नाणं आणि माझी हिशेबाची वही. पहिलं पाणी आलं ते तांबूस. म्हणजे भिंतीतले जीआयचे पाइप आतून गंजलेले. सुनेनं फ्लश केला तेव्हा माझ्या हाताखालची सिंकच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. नाण्यानं बाथरूमच्या फरशा वाजवल्या, तर नहाणी ट्रॅपभोवतीच्या पाच-सहा फरशा पोकळ बोलल्या. कपाटामागे टॉर्च मारला तर रंगाखालून पांढरा खार फुटलेला, आणि खाली कोपऱ्यात काळी बुरशी. गळणाऱ्या नळाखाली भांडं लावून ठेवलं होतं, ते सव्वा तासात भरलं. दिवसाला १९ लिटर, वर्षाला सुमारे ७,००० लिटर. एक नळ.

पण खरं घर मी बघितलं ते खाली, तिसऱ्या मजल्यावर. हे तुम्ही कुणीही घर घेताना करा, विकणाऱ्याला विचारू नका, खालच्या मजल्यावरची बेल वाजवा. एका वहिनींनी दार उघडलं. मी कशासाठी आले म्हटल्यावर काही न बोलता बाथरूमपाशी नेलं. छताचे पोपडे पडून आतली सळई दिसत होती, तिच्याखाली प्लास्टिकचा कागद दोरीनं बांधलेला, आणि कागदाच्या पोटात पाणी साचलेलं. तीन वर्षं. वरच्यांना सांगितलं की उत्तर यायचं, "आम्ही विकणारच आहोत, नवीन येतील ते बघतील."

घरी येऊन मी हे वाचून दाखवलं. मला वाटलं, सगळे चिडतील. चिडले, पण माझ्यावर. "साधर्मी आहेत, त्यांच्या तोंडावर कसं बोलायचं?" "शकुन झालाय, आता किरकिर नको." मुलगा म्हणाला, "आई, मुंबईत जुन्या घरात हे असतंच. आत गेल्यावर करून घेऊ. जास्त ताणलं तर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." मुलाचं बोलणं खोटं नव्हतं हेही सांगते. घर हातचं गेलं असतं. सूनबाईचा जीव त्या खिडकीत अडकला होता. दोन रात्री मला झोप नव्हती.

पण मग मी वहीच उघडली. प्लंबरला नेलं होतं. दोन्ही बाथरूमचा कोबा फोडून वॉटरप्रूफिंग, जीआयचे पाइप काढून सीपीव्हीसी, फरशा, मजुरी मिळून ३,४०,००० रुपये. खालच्या छताचं प्लास्टर ३५,०००. एकूण ३,७५,०००, म्हणजे किमतीच्या तीन टक्के. दलालाला एक टक्का देताना कुणी हूं की चूं केलं नाही. पन्नास लाखांच्या वरच्या घरावर एक टक्का टीडीएस कापून आपण सरकारला भरतो, तेव्हा विकणाऱ्याचा अपमान होत नाही. मुद्रांक शुल्कात बाईच्या नावाला एक टक्का सवलत मिळते, म्हणून घर सुनेच्या एकटीच्या नावावर करायचं ठरलं होतं, आणि ते शहाणपणाचंच होतं. मग जिचं नाव कागदावर चालतं, तिनं नळ उघडून बघितलेला का चालत नाही?

आता उपगूहन. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात त्याचा अर्थ दिलाय. मार्ग मुळात शुद्ध आहे, अजाण किंवा असमर्थ माणसांमुळे त्या मार्गाची निंदा होत असेल तर ती दूर करणं म्हणजे उपगूहन. एखाद्याचा उपवास मोडला, त्याची चर्चा गावभर करू नये, हे उपगूहन. कुजलेल्या भिंतीवर रंग मारून ती सव्वा कोटाला विकणं, आणि दुसऱ्यानं ते बघून गप्प बसणं, यात कुठला मार्ग झाकला जातो? झाकला जातो तो पैसा. आणि त्याच आठ अंगांत उपगूहनाच्या शेजारी स्थितीकरण बसलेलं आहे, ढळलेल्याला परत जागेवर आणणं. ते कुणाला आठवत नाही, कारण त्यासाठी तोंड उघडावं लागतं.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याचे पाच अतिचार आहेत, दरवर्षी दशलक्षणात आपण ऐकतो. त्यातला शेवटचा प्रतिरूपक व्यवहार. हलकी वस्तू चांगल्या वस्तूसारखी भासवून खपवणं. तुपात डालडा मिसळला तर आपण लगेच त्याला चोर म्हणतो. ओल्या भिंतीवरचा ऑइलपेंट म्हणजे दुसरं काय?

आणि ज्यांना शास्त्रापेक्षा सरकार मोठं वाटतं त्यांच्यासाठी सांगते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, त्याचं कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. पण मैत्रिणींनो, 'साध्या काळजीनं' या दोन शब्दांकडे लक्ष द्या. जे नळ उघडून, टॉर्च मारून दिसलं असतं आणि तुम्ही बघितलं नाही, त्याबद्दल उद्या तुमचंच तोंड बंद. नव्या इमारतीत जाणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा आहे. दाखवून म्हणजे लेखी, तारखेसह, पोच घेऊन. माझी एक नात्यातली चार वर्षं वॉचमनला सांगत बसली.

सोसायटीकडे बोट दाखवूनही सुटका नाही. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक पाइपाची गळती सोसायटीची, आतल्या संडास-सिंकची गळती त्या त्या सभासदाची. म्हणजे नोंदणी झाल्या दिवसापासून ती खालच्या वहिनींची ओल माझ्या सुनेच्या नावावर चढली असती.

एक सांगायचं राहिलं, आणि माझ्या मते तेच मोठं आहे. आपण पाणी दुहेरी फडक्यातून गाळतो, अठ्ठेचाळीस मिनिटांनी परत गाळतो. कांदा-बटाटा सोडतो, कारण त्यात अनंत जीव. मग त्या कोपऱ्यातली काळी बुरशी काय आहे? तीही अनंतकायच. ती तीन वर्षं वाढू द्यायची आणि शेवटी कुणाच्या तरी हातून खरवडून मारायची, याचा हिशेब कुणाच्या खाती? विनाकारण पाणी सांडणं हे समंतभद्रांनी प्रमादचर्येत, म्हणजे अनर्थदंडात घातलंय. आणि हे पाणी येतं कुठून? शहापूरकडच्या तानसा-भातसाचं पाणी आपल्याच भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात येतं, तिथून मुंबईभर जातं. उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. आम्ही ते इथं वर्षाला सात हजार लिटर भिंतीत मुरवणार, आणि सकाळी गाळणं धुऊन वाळत घालणार.

हे सगळं मला इतकं लागतं त्याला कारण आहे. आम्ही १९८९ साली आमचं घर घेतलं तेव्हा मी बी.कॉम. होऊन आठ वर्षं झाली होती, तरी गप्प बसले. संडासामागची भिंत ओली होती, मी हात लावून बघितली होती. सासरे म्हणाले, पाऊस आहे, वाळेल. सतरा पावसाळे मी ती भिंत पुसली. खालच्या बिऱ्हाडाशी बोलणं तुटलं ते वेगळंच.

तर या वेळी मी विकणाऱ्या भाऊंकडे स्वतः गेले, सुनेला बरोबर घेऊन. दोषांची यादी, फोटो, प्लंबरचं अंदाजपत्रक समोर ठेवलं. म्हटलं, भाऊ, दोनच मार्ग आहेत. तुम्ही काम करून द्या आणि बाथरूममध्ये चोवीस तास पाणी साठवून खालून छत बघू, नाहीतर किमतीतून रक्कम कमी करा, आणि जे ठरेल ते करारात लिहू. ते संतापले. "वहिनी, समाजात राहायचंय ना?" म्हणाले. माझाही आवाज चढला, ते बरं झालं नाही. दोन दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आले की कागदावर किंमत तीच राहू दे, कर्जही जास्त मिळेल, तीन लाख रोख हातात परत देतो. मी नाही म्हटलं. व्रतांच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, खोटा दस्त. एक दोष झाकायला दुसरा करायचा का? पंधरा दिवस काहीच हललं नाही. सून माझ्याशी नीट बोलत नव्हती. शेवटी किंमत तीन लाखांनी कमी होऊन करार झाला, दोषांची यादी जोडून. पंचाहत्तर हजार आम्ही सोसले.

भिंत फोडली तेव्हा पाइप हातात तुकडे होऊन आला. सूनबाईनं तो तुकडा माझ्यासाठी जपून ठेवलाय, चेष्टेनं की कशानं ते मी विचारलं नाही.

त्या भगिनीला माझं सांगणं इतकंच. क्षमावाणीला मी भाऊंच्या घरी जाणार आहे. आवाज चढला त्याची क्षमा मागेन, मनापासून. तीन लाखांची मागणार नाही. नवीन कोब्यावर चोवीस तास पाणी साठवून झालंय, खालच्या वहिनी दर दोन तासांनी छताला हात लावून बघत होत्या. त्यांचं प्लास्टर पूर्ण झालं. रंग दिवाळीच्या सुमारास, पाऊस उघडल्यावर.