काडतुसाची निवड आणि शेजाऱ्याची भिंत

तालुक्याच्या गांवीं अडतीचें दुकान चालविणाऱ्या एका गृहस्थांनीं आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या घरीं वडिलांच्या वेळेपासूनची बारा बोरची दुनळी बंदूक आहे आणि तिचा परवाना रीतसर त्यांच्या नांवावर झाला आहे. हंगामांत दुकानाची रोकड रात्रीं घरीं ठेवावी लागते, आणि आसपासच्या वस्त्यांवर चोऱ्या झाल्याच्या वार्ता कानीं येतात. तेव्हां घराच्या रक्षणाकरितां कोणतें काडतूस आणावें, मोठ्या छऱ्यांचें कीं बारीक छऱ्यांचें, असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न सभ्य गृहस्थ चारचौघांत काढीत नाहींत. ते दुकानदारास हलक्या आवाजांत विचारतात, आणि तो जें देईल तें घेऊन घरीं जातात. म्हणूनच त्याचा उघड विचार होणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

घरांत शस्त्र असणें हेंच मुळीं पाप, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें या देशांतील लोकांस निःशस्त्र केलें आणि युरोपियनांस मात्र त्यांतून सूट दिली. तो अपमान आपल्या वाडवडिलांस दीर्घकाळ सलत राहिला. १९३१ सालीं कराचीच्या काँग्रेसमध्यें मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यांत नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. पुढें १९४८ च्या डिसेंबरांत घटना समितीपुढें हरि विष्णु कामत यांनीं हा हक्क घटनेंत यावा अशी दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. त्यामुळें १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं आज बंदूक आपल्या घरीं येते ती परवान्यानें येते. परवाना म्हणजे समाजानें एका माणसावर टाकलेला विश्वास होय. आणि तो सार्थ कीं अनाठायीं, हें बंदुकींत काय भरलें जातें आणि कोणत्या विचारानें भरलें जातें यावरून ठरतें.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या १२ गोळ्यांचें वजन एक पौंड भरतें, म्हणून ती बारा बोर. हा व्यास सुमारें १८.५ मिलिमीटर असतो. काडतुसांत तळाशीं दारू, तिच्यावर डाट आणि डाटावर शिशाचे छरे अशी रचना असते. छऱ्यांच्या बाबतींत आपल्याकडे जुनी विलायती परिभाषाच चालत आली आहे. एल. जी. चा छरा सुमारें ९ मिलिमीटर जाडीचा, आणि नेहमींच्या काडतुसांत असे सहाच असतात. एस. जी. चे त्याहून किंचित् लहान, म्हणून आठ किंवा नऊ मावतात. बी. बी. चा छरा सुमारें ४ मिलिमीटरचा. त्यानंतर आंकडा चढेल तसतसा छरा बारीक होत जातो. ४ नंबरचा सुमारें ३ मिलिमीटर, तर ६ नंबरचा सुमारें अडीच मिलिमीटर. १८६९ सालीं स्थापन झालेल्या आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यांतही बारा बोरचीं काडतुसें तयार होतात. तेव्हां ही विद्या आपणांस परकी नाहीं. अभाव आहे तो तिच्या समजुतीचा.

या बाबतींत तीन गैरसमज घट्ट बसलेले आहेत. पहिला असा कीं, छऱ्याच्या बंदुकीस नेम धरावा लागत नाहीं. बार काढला कीं सारी खोली व्यापली जाते. हें साफ खोटें आहे. दहापंधरा फुटांच्या अंतरांत छऱ्यांस पसरण्यास अवकाशच मिळत नाहीं. ते जवळजवळ एका गठ्ठ्यानें जातात, आणि त्यांचा फैलाव बहुधा तळहाताहून मोठा होत नाहीं. अंधारांत अदमासानें झाडलेला बार चोरास चुकवून पलीकडच्या माणसास लागणें सहज शक्य आहे.

दुसरा गैरसमज असा कीं, जितका छरा मोठा तितकें रक्षण अधिक. जड छरा आपला वेग लवकर सोडीत नाहीं, म्हणून लांबवरच्या मोठ्या जनावरासाठीं शिकारी लोक तो वापरीत आले. परंतु हाच गुण घरांत दोष ठरतो. फळीचें दार, पत्रा, कुडाची भिंत अगर आजकालच्या इमारतींतील पातळ आडपडदा भेदून एल. जी. चा छरा पलीकडे जातो, आणि तेथेंही प्राण घेण्याइतकी शक्ति त्यांत उरते. त्या भिंतीपलीकडे कधीं आपलींच मुलें निजलेलीं असतात, कधीं शेजाऱ्याचीं.

तिसरा गैरसमज पहिल्या दोहोंच्या उलट आहे, आणि तो सज्जन माणसांत विशेष आढळतो. बारीक छरा नुसता भीति घालण्यापुरता, त्यानें कोणी मरत नाहीं, असें त्यांस वाटतें. जवळून झाडलेला बारीक छऱ्यांचा बारही प्राणघातक असतो. लांबून तो जीव घेणार नाहीं, पण डोळा घेईल. २०१६ सालीं काश्मीरांत जमाव पांगविण्याकरितां बारीक छरे झाडण्यांत आले, तेव्हां शेंकडों लोकांच्या डोळ्यांस इजा झाली आणि कित्येकांची दृष्टि गेली. छरा बारीक म्हणून परिणामही बारीक, हा हिशेब तेथें खोटा ठरला.

आतां पत्रलेखक गृहस्थांस आमचें उत्तर. भरवस्तींतील घरांत एल. जी., एस. जी. अगर एकगोळीचें काडतूस घरीं वापरण्यासाठीं ठेवूं नये. खोलीच्या अंतरावर बारीक छऱ्यांच्या काडतुसाची शक्ति पुरेशी असते. आणि भिंतीशीं अगर फळीशीं गांठ पडली तर हलका छरा जड छऱ्यापेक्षां लवकर निर्बळ होतो. येवढाच त्यांतला फायदा आहे. त्यास निर्धोक समजूं नये. शेतांतल्या एकट्या, जाड भिंतींच्या घराची गोष्ट थोडी निराळी असेल. पण तेथेंही पडवींत गडी निजतो आणि गोठ्यांत गुरें असतात, हें विसरून चालणार नाहीं.

त्यांच्या पत्रांत एक गोष्ट आलेली नाहीं, आणि ती छऱ्याच्या आकाराहून महत्त्वाची आहे. बंदूक वडिलांच्या वेळची आहे. कित्येक जुन्या बंदुकींच्या नळीचें घर ६५ मिलिमीटरच्या काडतुसापुरतें केलेलें असतें. त्यांत ७० मिलिमीटरचें काडतूस बसलेलें दिसतें, परंतु बार उडतांना त्याचें तोंड उलगडण्यास जागा मिळत नाहीं आणि आंतील दाब बेसुमार वाढतो. पीळ घातलेल्या पोलादाच्या फार जुन्या नळ्या तर आजच्या धूरविरहित दारूसाठीं केलेल्याच नसतात. अशी बंदूक फुटली तर चोराच्या आधीं धन्याचाच हात जातो. म्हणून परवानाधारक कारागिराकडून नळी तपासून घेतल्याखेरीज, आणि तिच्यावर कोरलेला आंकडा काडतुसाच्या आंकड्याशीं ताडून पाहिल्याखेरीज, एकही काडतूस विकत घेऊं नये. पावसाळ्यांत फुगलेलीं, पितळेस हिरवट गंज चढलेलीं जुनीं काडतुसें काटकसर म्हणून वापरणें हा शुद्ध अविचार होय.

कायदा काय म्हणतो तेंही पाहूं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा अधिकार सांगितला आहे. रात्रीं घर फोडून शिरणाऱ्याचा प्राण घेण्यापर्यंतही हा अधिकार पोंचूं शकतो. परंतु ३७ व्या कलमाची मर्यादा त्यास आहेच. रक्षणास जरूर तेवढ्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार कोणासही नाहीं, आणि सरकारी मदत मागण्यास अवसर असेल तर अधिकारच उत्पन्न होत नाहीं. घरफोड्या बाहेर पडून पळूं लागला, म्हणजे रात्रींच्या घरफोडीवरून मिळालेला अधिकारही संपत येतो. पळत्याच्या पाठींत झाडलेल्या बाराचा जाब मग न्यायालयांत द्यावा लागतो.

याकरितां काडतुसाच्या आधीं घरच्या शिस्तीचा विचार व्हावा. खुडबूड ऐकूं आली तर घरांतील सर्वांनीं एका ठरलेल्या खोलींत जमावें, दार लावून घ्यावें, ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावें, दिवे लावावे आणि मोठ्यानें हांक द्यावी. बंदूक असेल ती त्या दाराशीं राहावी. ती घेऊन अंधारांत घरभर हिंडूं नये. उजेडांत माणूस ओळखल्याशिवाय चापावर बोट जाऊं नये, कारण रात्रीं पाणी पिण्यास उठलेला मुलगाही अंधारांत चोरासारखाच दिसतो. आणि रोकडीचें म्हणाल तर, जी रक्कम बँकेंत टाकतां येते किंवा मोबाइलवरून घेतां येते, ती घरीं ठेवून तिच्यावर पहारा करण्यांत शहाणपण नाहीं.

यावर एक आक्षेप हमखास येईल. बंदूक रिकामी करून कुलपांत आणि काडतुसें दुसऱ्या कुलपांत ठेवलीं, तर ऐन वेळीं तिचा उपयोग काय? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं; कुलूप उघडण्यास लागणारीं पळें खरीं आहेत. पण चोर आला तर आयुष्यांतून एखादे रात्रीं येईल. घरांतलें कुतूहलानें भरलेलें मूल, रागाच्या भरांत भान विसरणारा भाऊ, कर्जानें खचलेला बाप हे तर रोज त्याच छपराखालीं राहतात. त्यांच्यापासून बंदूक दूर ठेवणें हेंही घराचें रक्षणच आहे, आणि दाराची मजबूत कडी तीं पळें मिळवून देते.

२०१६ च्या शस्त्र नियमांनीं सुरक्षित ठेवणीची हमी आणि शस्त्र हाताळण्याचें शिक्षण या दोन्ही गोष्टी परवान्याशीं जोडल्या आहेत. आमची मागणी इतकीच कीं, त्या कागदावर राहूं नयेत. परवाना देतांना आणि त्याचें नूतनीकरण करतांना अर्जदाराची प्रत्यक्ष परीक्षा व्हावी. सरकारनें सोप्या मराठींत एक पुस्तिका काढून प्रत्येक परवानाधारकाच्या हातीं द्यावी. विक्रेत्यानेंही काडतूस काढण्यापूर्वीं घर कसें आहे, बंदूक किती जुनी आहे, हें गिऱ्हाइकास विचारावें. लग्नाच्या वरातींत अगर विजयाच्या मिरवणुकींत हवेंत बार काढणारांस २०१९ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंत कैद अगर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही, सांगितलीं आहेत. तो कायदा प्रतिष्ठितांच्या मांडवांतही चालला पाहिजे.

पत्रलेखक गृहस्थांस आमची विनंति अशी आहे कीं, त्यांनीं उद्यां दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या घरांतील प्रत्येक भिंतीपलीकडे रात्रीं कोण निजतें याची एक यादी करावी. ती हातांत असली म्हणजे कोणतें काडतूस घ्यावें, आणि मुळांत घ्यावें कीं नाहीं, हें त्यांस दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं.