अंतराळाच्या पटावर आजोबा

प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या, नातवंडांच्या अंतराळसाहसातून ‘मला दिसत नाही’ म्हणून उठलेले आजोबा सहसा पुन्हा बसत नाहीत. तुम्ही उठण्यापूर्वी साहित्य बदलून पाहा. नियम १९७७ साली अमेरिकेत निघालेल्या ‘ट्रॅव्हलर’चे घ्यावेत : ओळखीचे, सहा बाजूंचे दोन फासे, बेरीज बहुधा ८ वा अधिक हवी. त्यात पात्राला ३४व्या वर्षापासूनच वार्धक्य ग्रासू लागते, हे वाचून तुम्हांस हसू येईल! सोंगट्यांवाचूनही हा खेळ चालतो. हव्याच असतील तर १५ मिलिमीटरच्या टाळून २८च्या घ्या. मोतीबिंदूच्या डोळ्यांना व कापऱ्या बोटांना त्याच सोयीच्या. जुन्या धातूच्या सोंगट्यांत शिसे असू शकते. हाताळल्यावर हात धुवावेत. घरात रांगते मूल असल्यास खेळ संपताच त्या मोजून डब्यात ठेवाव्यात.