कुत्र्याला देश कळतो का?

ऑक्टोबर २०२२ मध्ये काश्मीरच्या अनंतनाग जिल्ह्यात अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत 'झूम' नावाच्या लष्करी कुत्र्याला दोन गोळ्या लागल्या. काही दिवसांनी श्रीनगरला उपचार चालू असतानाच तो गेला. त्याचा फोटो अजून आपल्या होस्टेलच्या ग्रुपवर फिरतो. खाली तिरंगा आणि 'सच्चा देशभक्त' वगैरे. परवा मेसमध्ये एक जण म्हणाला, "देशभक्त कसला? कुत्र्याला देश-बिश काय कळतो? त्याला फक्त बॉल कळतो." झालं! सगळे त्याच्यावर तुटून पडले. पण मित्रांनो, खरं सांगायचं तर मुद्दा त्याचाच बरोबर होता.

लष्कराचे कुत्रे मेरठला तयार होतात, रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याच्या ट्रेनिंगचं तत्त्व ऐकायला फार सोपं आहे. ओळीने डबे ठेवायचे, त्यातल्या एकात स्फोटकाचा अंश. पिल्लू त्या डब्यापाशी थांबलं की लगेच त्याचा आवडता बॉल द्यायचा. हे शेकडो वेळा. मग डब्यांऐवजी बॅगा, गाड्या, शेतं. सापडल्यावर भुंकायचं नाही, पंजाने उकरायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. कारण उकरलं तर सगळेच उडतील! पनवेल स्टेशनवर बंदोबस्ताच्या वेळी आपल्या सॅक हुंगत जाणारा लॅब्राडॉर बघा. आपल्याला वाटतं तो बॉम्ब शोधतोय. त्याच्या दृष्टीने तो खेळतोय. आणि खेळतोय ते आपल्या हँडलरसोबत, कारण तोच त्याला खाऊ घालतो, फिरवतो, आजारपणात जवळ बसतो.

आता आपण इंजिनिअर, म्हणजे "यासाठी सेन्सर बनवू की" हा विचार येणारच. आरडीएक्सची वाफ इतकी कमी सुटते की भल्याभल्या उपकरणांना ती पकडणं जड जातं. कुत्रा बहुतेक वेळा त्याच्यासोबत असलेल्या दुसऱ्या रसायनांचा वास ओळखतो असं मानतात. अमेरिकेने इराक-अफगाणिस्तानात रस्त्याकडेचे बॉम्ब शोधायला अब्जावधी डॉलर ओतले, आणि २०१० मध्ये त्या कामाच्या प्रमुखानेच कबूल केलं की सगळ्यात चांगला डिटेक्टर म्हणजे कुत्रा. (फायनल इयरचे प्रोजेक्ट निवडणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

पण उपकरण म्हटलं की ते जुनं झाल्यावर भंगारात. गडबड इथेच होते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सुमारे चार हजार कुत्रे वापरले. त्यातले थोडेच परत आले. बाकीचे 'जादा सामान' म्हणून तिथेच सोडले किंवा मारले. आपल्याकडे काय वेगळं होतं? २०१५ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं की सेवेतून उतरलेल्या कुत्र्यांना आपलं लष्करही इंजेक्शन देऊन कायमचं झोपवत होतं. ओरड झाली, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि मग धोरण बदललं.

नोव्हेंबर २००० हा महिना मला या बाबतीत फार बोलका वाटतो. अमेरिकेत 'रॉबी'च्या नावाने कायदा झाला, निवृत्त लष्करी कुत्रे दत्तक देता येऊ लागले. त्याच महिन्यात मुंबईत 'झंजीर' गेला. तो लष्कराचा नव्हे, पोलिसांचा, पुण्यात तयार झालेला. पण शिकवण्याची रीत तीच. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्याने ३३२९ किलो आरडीएक्स आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले. हाडांच्या कॅन्सरने गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला, पोलीस अधिकाऱ्यांनी फुलं वाहिली.

फुलं वाहावीतच. पण फुलं, मेडल, तिरंगा हे सगळं आपल्या समाधानासाठी आहे. झंजीरला त्यातलं काय कळलं? ज्याला देश कळत नाही त्याला आपण देशासाठी सुरुंगावर पाठवतो, त्याची परवानगी न घेता. जवान निदान सही करून भरती होतो. म्हणून त्याला कळेल अशाच भाषेत परतफेड झाली पाहिजे. म्हातारपणी घर, आणि शक्यतो तोच हँडलर. २६/११ ला मुंबईत काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर राहिले, तेही एका प्राणिप्रेमी बाईंनी पुढाकार घेतला म्हणून. २०१६ मध्ये एकापाठोपाठ चौघेही गेले. अशी सोय कुणाच्या तरी दयेवर का असावी?

अडचणी आहेत, नाही असं नाही. हँडलरची बदली होते, बरॅकमध्ये कुत्रा कुठे ठेवणार? हल्ल्यासाठी तयार केलेला कुत्रा कुणाच्याही घरी देता येत नाही, त्याला केंद्रातच ठेवावं लागेल. पण शांत लॅब्राडॉरच्या बाबतीत हँडलरचा पहिला हक्क मानावा आणि औषधपाण्याचा खर्च सरकारने द्यावा, एवढं तर सहज जमेल. आठ-नऊ वर्षांचा होऊन रिटायर झाल्यावर तो असा किती जगतो? फार तर तीन-चार वर्षं.

आता निवृत्त लष्करी कुत्रे मेरठहून सामान्य माणसांनाही दत्तक मिळतात, अर्ज करावा लागतो. स्टाफ क्वार्टर्समधल्या ज्या सरांकडे, मॅडमकडे अंगण आहे त्यांनी जरूर विचार करावा. संध्याकाळी फिरवायला आम्ही येऊ. होस्टेलवर मात्र जमणार नाही, जिन्याखालच्या दोघांनाच रेक्टर सर वैतागलेत.